काळी जीभ: कुत्र्यांच्या जुलाबातून उलगडलेला माणसांचा आजार

आजचा विषय जरा घाणेरडा आहे, आधीच सांगतो. जेवताना ऐकत किंवा वाचत असाल तर आधी जेवून घ्या. आज आपण बोलणार आहोत कुत्र्यांच्या बिघडलेल्या पोटाबद्दल. जुलाब, उलट्या, तोंडाला येणारा वास, सगळं येणार आहे. पण शेवटपर्यंत थांबा, कारण या घाणीतूनच एक असा शोध लागला, ज्याने लाखो माणसांचे हाल थांबले. आणि गोष्ट अमेरिकेतून निघून थेट आपल्या ज्वारीच्या भाकरीपर्यंत येते.

ज्यांच्या घरी कुत्रं किंवा मांजर आहे त्यांना एक प्रश्न पाठ असतो: "याला नक्की खायला काय घालू?" सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात. एक म्हणतो दहीभात, दुसरा म्हणतो पाकिटातलंच द्या, तिसऱ्याच्या आजोबांचा मोती म्हणे आयुष्यभर भाकरी-दुधावर जगला. हा प्रश्न साधारण शंभर वर्षांपूर्वी काही डॉक्टरांनी फार गांभीर्याने घेतला होता. कुत्र्यांची हौस म्हणून नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं मरत होती म्हणून.

दक्षिणेतला लाल आजार

विसाव्या शतकाची सुरुवात. अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं: मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामा, दोन्ही कॅरोलायना. कापसाचा पट्टा. इथे एक आजार झपाट्याने वाढायला लागला, पेलाग्रा. आधी उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लालभडक चट्टे उठायचे, हातांवर अगदी हातमोजे घातल्यासारखे. मग तोंड यायचं, जुलाब लागायचे आणि थांबायचेच नाहीत. पुढे पुढे माणूस भ्रमिष्ट व्हायचा. कित्येक पेशंट वेड्यांच्या इस्पितळातच सापडायचे. 1906 ते 1940 या काळात अमेरिकेत साधारण 30 लाख लोकांना हा आजार झाला आणि 1 लाखाच्या आसपास माणसं दगावली, असा अंदाज नेहमी दिला जातो.

आजार नवा नव्हता. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने 1735 मध्येच तो पाहिला होता. पुढे इटलीत त्याला 'पेलाग्रा' हे नाव मिळालं, म्हणजे खरखरीत कातडी. जिथे गरीब लोक फक्त मक्यावर जगतात तिथे हा आजार दिसतो, हेही लोकांच्या लक्षात आलं होतं. पण का? कुणी म्हणायचं सडक्या मक्यातलं विष, कुणी म्हणायचं माशी चावल्याने होतो. अमेरिकेत तर एका मोठ्या आयोगाने पाहणी करून हा संसर्गाचाच आजार असावा असं मत दिलं. तो जंतूंच्या शोधांचा काळ होता. टीबीचा जंतू सापडला, कॉलऱ्याचा सापडला, मग याचाही सापडेल, अशी सगळ्यांची समजूत.

1914 मध्ये सरकारने हे काम जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरकडे दिलं. हंगेरीतून लहानपणी आईवडिलांबरोबर आलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला ज्यू मुलगा. त्याने अनाथाश्रमं आणि वेड्यांची इस्पितळं पालथी घातली आणि एक साधी गोष्ट टिपली. आत राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांची काळजी घेणाऱ्या नर्सला, अटेंडंटला होत नाही. हा संसर्ग असेल तर तो पगार बघून लागतो का? फरक ताटात होता. आतल्यांना मक्याची लापशी आणि काकवी, स्टाफला दूध, अंडी, मांस.

गोल्डबर्गरने दोन अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस सुरू केलं. पेलाग्रा गेला. 1915 मध्ये उलटा प्रयोग: मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंगाच्या शेतावर धडधाकट कैद्यांना, माफीच्या बदल्यात, मका-मैदा-साखरेच्या जेवणावर ठेवलं. प्रयोग पूर्ण करणाऱ्या 11 पैकी 6 जणांना पेलाग्रा झाला.

तरी लोक मानेनात. तेव्हा 1916 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेशंटचं रक्त टोचून घेतलं. कणकेच्या गोळ्यांत पेशंटची कातडीची खपली, लघवी, विष्ठा मिसळून त्या गिळल्या. हो, बरोबर वाचलंत. त्याची बायको मेरी हिनेसुद्धा रक्त टोचून घेतलं. एकालाही पेलाग्रा झाला नाही.

आता कुत्रं येतं

म्हणजे काय नाही हे सिद्ध झालं. जंतू नाही. जेवणात काहीतरी कमी आहे. पण नक्की काय? इथे गाडी अडली. प्रत्येक पदार्थ माणसांवर तपासायचा तर महिनोन्‌महिने लागणार, आणि पुन्हा पुन्हा माणसांना आजारी पाडायचं तर कोण परवानगी देणार? आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बग आहे हे पक्कं, पण तो आपल्या मशीनवर रिप्रोड्यूस करता येत नाहीये. आणि जोवर रिप्रोड्यूस होत नाही तोवर सुधारलाय की नाही हे कळायचं कसं?

याच दक्षिणेकडच्या राज्यांत कुत्र्यांना एक आजार व्हायचा. लोक त्याला 'काळी जीभ' म्हणायचे. कुत्रं आधी खाणं सोडायचं. तोंड आतून लाल व्हायचं, मग जीभ जांभळी-काळी पडायची. तोंडातून तारा सुटाव्यात तशी लाळ गळायची, जवळ जाववणार नाही असा वास यायचा. आणि रक्ताचे जुलाब. मग बहुतेक वेळा मरण.

आता बघा. तोंड येणं, जुलाब, आणि दोन्ही आजार एकाच मुलखात. उत्तर कॅरोलायनातल्या स्पेन्सर नावाच्या पशुवैद्याने 1916 मध्ये हा प्रश्न छापून विचारला: कुत्र्यांची काळी जीभ म्हणजेच पेलाग्रा तर नव्हे? मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. मोठ्या विद्यापीठात नव्हता. कुत्री तपासत होता, आणि त्याच गावातली माणसंही त्याला दिसत होती, एवढंच. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातल्या चिटेंडन आणि अंडरहिल यांनी कुत्र्यांना उकडलेले वाटाणे, बिस्किटाचा चुरा आणि सरकीचं तेल एवढ्यावरच ठेवलं आणि अगदी तसाच आजार होतो हे दाखवलं.

माणसाचा आजार कुत्र्याला कसा झाला? कारण अगदी घरगुती आहे. त्या गरीब घरात कुत्र्याला वेगळं खाणं कुठून येणार? मालक मक्याची भाकरी खायचा, उरलेली कुत्र्याला. मालकाच्या ताटात जे नव्हतं ते कुत्र्याच्या थाळीतही नव्हतं. कुत्र्याचं पोट म्हणजे त्या घराच्या स्वयंपाकाची लॉग फाइल होती. फक्त ती उघडून वाचायची कुणाला इच्छा नव्हती, कारण वाचायला घाण होती.

गोल्डबर्गरने वाचली. 1920 च्या दशकात त्याने आणि त्याचा सहकारी व्हीलर याने प्रयोगशाळेत कुत्र्यांना मक्याच्या त्या गरिबीच्या जेवणावर ठेवून काळी जीभ मुद्दाम घडवून आणली. मग एकेक पदार्थ वाढवून पाहायचा. एक अडचण अशी आली, की ते बेचव खाणं कुत्री खाईनातच. तोंडाला चव यावी म्हणून त्यात थोडं यीस्ट घातलं, दारू गाळताना वापरतात ते. आणि त्या कुत्र्यांना आजार होईचना! चवीसाठी घातलेली गोष्टच औषध निघाली. यीस्ट स्वस्त होतं. 1927 मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, शेतं आणि गुरं वाहून गेली, तेव्हा रेड क्रॉसने पूरग्रस्त भागात हेच यीस्ट वाटलं.

1929 मध्ये गोल्डबर्गर कॅन्सरने गेला. यीस्टमधला तो नेमका घटक त्याला सापडला नाही. तो 1937 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेहजेमच्या टीमला सापडला, आणि तोही कुत्र्यामुळेच. यकृताच्या अर्कातून त्यांनी निकोटिनिक आम्ल वेगळं काढलं. काळी जीभ झालेल्या कुत्र्याला त्याचा 30 मिलिग्रॅमचा एक डोस दिला. चिमूटभरही नाही. खाणं टाकलेलं कुत्रं पुन्हा खायला लागलं, वजन वाढायला लागलं. काही महिन्यांत डॉक्टर तेच औषध माणसांना देत होते आणि भ्रमिष्ट झालेली माणसं काही दिवसांत शुद्धीवर येत होती.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट ही, की हे रसायन तोवर सत्तर वर्षं रसायनशास्त्रज्ञांच्या कपाटात पडून होतं. 'व्हिटॅमिन' हा शब्द देणाऱ्या कॅसिमिर फंकने तर 1912 च्या आसपास ते तांदळाच्या कोंड्यातून वेगळंही काढलं होतं. पण तो बेरीबेरीचं औषध शोधत होता. त्यावर हे चाललं नाही, म्हणून बाजूला ठेवलं. आजारी कुत्र्याला देऊन पाहावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे निकोटिनशी गोंधळ नको म्हणून त्याला 'नायसिन' असं नाव पडलं. तेच आपलं बी-3.

मक्याचा दोष काय?

मक्यात नायसिन असतं, पण ते असं बांधलेलं असतं की पोटाला मोकळं करता येत नाही. शरीर ट्रिप्टोफॅन नावाच्या ॲमिनो आम्लापासून थोडं नायसिन स्वतः बनवतं, साधारण 60 मिलिग्रॅमपासून 1 मिलिग्रॅम. पण मक्यात ट्रिप्टोफॅनही कमी. दोन्हीकडून मार. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका खात आलेत, त्यांना मात्र हा त्रास नव्हता, कारण ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने बांधलेलं नायसिन सुटतं. युरोपने त्यांच्याकडून मका उचलला, चुन्याची रीत तिथेच राहिली.

हैदराबाद, ज्वारी आणि पुन्हा कुत्रं

आता आपल्याकडे येऊ. गोष्ट मक्याची आहे म्हणून आपण निश्चिंत राहायचं कारण नाही.

1950 च्या दशकाअखेर आपली पोषण संशोधनाची प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला आली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. तिथल्या डॉक्टरांना पेलाग्राचे पेशंट दिसायला लागले. बहुतेक गरीब शेतमजूर. आणि हे लोक मका खातच नव्हते! ते खात होते ज्वारी. दख्खनच्या पठाराचं अन्न. मराठवाडा 1956 पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होता, आणि सोलापूर-लातूर-बीडच्या घरांत भाकरी म्हणजे ज्वारीचीच. म्हणजे हे आपलंच ताट.

कोडं असं होतं, की ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नाही आणि नायसिनही बरं असतं. मग आजार का? सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये एक तर्क मांडला: ज्वारीत ल्युसिन हे दुसरं ॲमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असतं, आणि ते नायसिनच्या कामात अडथळा आणतं. हा तर्क तपासायला कोण आलं? बरोबर. कुत्रं. गोपालन आणि बी. बेलवडी यांनी 1965 मध्ये दाखवलं की ज्वारीवर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते. नंतर पिल्लांना जास्तीचं ल्युसिन देऊनही तो आजार घडवून दाखवला. ल्युसिनचा वाटा नक्की किती, यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. पण एका धान्याच्या आधाराने जगणाऱ्या माणसाचं आणि जनावराचं पोट सारखंच बिघडतं, हे दुसऱ्यांदा दिसलं.

इथे थांबून एक सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी रील बनवेल की 'ज्वारी विषारी आहे'. भाकरीवर काहीही आरोप नाही. भाकरीबरोबर पिठलं आहे, डाळ आहे, ताक आहे, पालेभाजी आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, तर काहीच प्रश्न नाही. आजार होता तो भाकरी आणि मीठ-मिरची एवढंच ज्याच्या वाट्याला येतं त्याला. अमेरिकेतही असंच दिसलं होतं. गोल्डबर्गरबरोबर काम करणाऱ्या सायडेनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाने दक्षिण कॅरोलायनातल्या सूतगिरण्यांच्या वस्त्यांत घरटी उत्पन्न मोजलं, आणि उत्पन्न कमी तिथे पेलाग्रा जास्त, असं साफ दिसलं. तिथल्या पुढाऱ्यांना हे ऐकायला आवडलं नाही. जंतूला दोष देणं सोपं असतं. मजुरी कमी आहे म्हणून माणसं मरतात, हे कोण कबूल करणार?

आपल्या घरातलं कुत्रं

मी हा विषय का निवडला, तर माझ्याकडे खारी आहे. पुण्यात पार्किंगमध्ये सापडलेली इंडी, आता तीन वर्षांची. तिचं पोट म्हणजे आमच्या घरातला कायमचा ओपन इश्यू. पहाटे तीन वाजता दारापाशी कुं कुं, मग जिन्यात किंवा गॅलरीत पातळ शी. व्हेटने आधी शी तपासून जंत वगैरे नाहीत ना ते पाहिलं आणि मग सांगितलं, काही आठवडे एकच प्रकारचं खाणं, आणि वहीत रोज लिहायचं: काय खाल्लं, शी कशी झाली, कितीदा. बदल करायचा तर एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे बरं वाटलं ते कळणारच नाही. चिकन बंद केल्यावर चौथ्या दिवसापासून शी घट्ट व्हायला लागली. चिकन परत दिलं, परत पातळ. आता अंडं आणि मासळी चालतेय. ही वही लिहिताना मी गोल्डबर्गरबद्दल वाचत होतो आणि लक्षात आलं, पद्धत तीच आहे. ताटातली एक गोष्ट बदला, मग खाली वाकून बघा. वास येतो, पण उत्तर तिथेच असतं.

आजोबांचा मोती भाकरीवर जगला, यातही तथ्य आहे. माणसाबरोबर राहून कुत्र्याचं पोट बदललं आहे. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे भाकरी, भात त्याला पचतं. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. काळी जीभ झालेल्या कुत्र्यांनाही मक्याची भाकरी पचतच होती. मोती बहुधा गावभर फिरून अंडं, उंदीर, खाटकाकडची हाडं असं बरंच काही मिळवत असणार. आपला फ्लॅटमधला कुत्रा तेवढंच खातो जेवढं आपण वाढतो. आणि दुधाचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या झालेल्या कुत्र्या-मांजरांना दुधातली साखर पचत नाही. दूध-पोळीनंतर पातळ होत असेल तर आधी दूध थांबवून बघा.

मांजरवाल्यांनो, तुमचं प्रकरण आणखी नाजूक. मांजर ट्रिप्टोफॅनपासून पुरेसं नायसिन बनवूच शकत नाही, तिला ते मांसातूनच लागतं. टॉरिनचंही तसंच. 1975 मध्ये कळलं की टॉरिन कमी पडलं की मांजराची दृष्टी जाते. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी दाखवलं की तिचं हृदयही त्यामुळे मोठं होऊन निकामी होतं, आणि यातली काही मांजरं चक्क बाजारातलं पाकीटबंद खाणं खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. म्हणजे घरचं ते चांगलं आणि पाकिटातलं वाईट, किंवा उलटं, असा सरळ हिशेब नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारायचा: यात काय नाहीये?

गोल्डबर्गर, एल्व्हेहजेम, गोपालन यांची नावं पुस्तकांत आहेत. त्या कुत्र्यांची नाहीत. त्यांना मुद्दाम आजारी पाडलं गेलं, काही वाचली, बरीच मेली. याबद्दल मला काय वाटतं ते एका वाक्यात सांगता येत नाही. नायसिनमुळे वाचलेली माणसं खरी आहेत, त्या कुत्र्यांचे हालही खरे आहेत. 1940 च्या दशकात अमेरिकेत पावात नायसिन मिसळायला लागले आणि पेलाग्रा जवळपास संपला. पेडिग्रीच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात 'नायसिन' असतं ना, ते त्या कुत्र्यांकडून आलंय.

जाता जाता कामाचं. एखाद्या दिवशी पोट बिघडलं आणि कुत्रं तरतरीत असेल तर भरपूर पाणी, साधं खाणं, आणि लक्ष. पण शीत रक्त दिसलं, उलट्या थांबेनात, दिवसभर खाणं-पाणी टाकलं, किंवा लस न झालेलं पिल्लू असेल, तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ व्हेटकडे जा. पिल्लांमध्ये पार्वो एक-दोन दिवसांत जीव घेतो. माणसांसाठीच्या जुलाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना रोज फक्त बिस्किटं घालत असाल तर अधूनमधून एखादं उकडलेलं अंडंही घाला. त्यांच्याही थाळीत जे येतं ते आपल्याच हातून येतं.

तुमच्याकडच्या कुत्र्या-मांजरांच्या पोटाच्या कहाण्या व्हॉइस नोटवर पाठवा. फोटो नकोत, प्लीज! भेटू पुढच्या भागात.